काळीज उजव्या अंगाला

आधीच सांगून ठेवते, मला मध्येच तोडायचं नाही. बयाबाईची गोष्ट सांगताना कोणी तोडलं की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की अख्खा बाजार ऐकतो. पंचवटीच्या भाजीबाजारात कोणालाही विचारा, वत्सलाबाई मेथीवाली म्हटलं की लोक आधी कानावर हात ठेवतात. आता आहे मी तोंडाळ, त्याला काय करू?

तर माझ्या शेजारी बसते ती बयाबाई. पेठकडच्या डोंगरातली, कोकणा जमातीची. अंगानं काटकी, पण कामाला वाघीण. लग्न झाल्यावर ती आणि तिचा नवरा बुधा दरवर्षी दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला यायचे. छाटणी, विरळणी, काढणी, पडेल ते काम. एका वर्षी येताना तिनं डोंगरातल्या रानभाजीचं एक गाठोडं आणलं आणि सहज म्हणून आमच्या बाजारात येऊन बसली. जागा कुठली, तर माझ्या पुढ्यात! मी काय भांडले म्हणून सांगू! ही बया नुसती हसत होती. भांडून भांडून माझा घसा बसला, तेव्हा तिनं तिच्या तांब्यातलं पाणी पुढे केलं. म्हणाली, "पाणी पी बाई, मंग पुन्हा बोल." मीच सरकून तिला जागा करून दिली.

तेव्हापासून ती इथलीच झाली. बुधाला शहर मानवत नाही, तो गावी भात-नागली आणि बैलं सांभाळतो. ही पंचवटीत खोली घेऊन राहते आणि सणावाराला गावी जाते. पावसाळ्यात शेवळं, बांबूचे कोंब, उन्हाळ्यात करवंदं, एरवी नागली आणि वरई. गावाकडचा माल घेऊन मुस्तकीमची जीप येते, ती आली की बाजारातल्या बायका आधी हिच्याभोवती गोळा होतात. वजनकाटा हिनं कधी हातात धरला नाही. सगळा माल वाट्यावर, आणि वाटा उचलून दिला की वर एक मूठ जास्तीची. मी ओरडायची, "अगं, धंदा करतेस की दानधर्म?" तर म्हणायची, "डोंगरानं मला मोजून दिलं का?"

आता मुद्द्यावर येते. पहिल्याच वर्षी दुपारी गिऱ्हाईक नसताना ती मला म्हणाली, "वत्सलाबाई, एक सांगू? माझं काळीज उजव्या अंगाला हाय."

मला वाटलं, ही काहीतरी म्हण असेल त्यांच्याकडची. मी म्हटलं, "म्हणजे काय गं?"

"म्हंजे उजव्या अंगालाच हाय. आईनं सांगितलं व्हतं. मी तान्ही असताना तिच्या हाताला लागायचं."

झालं! समोर लिंबं विकणाऱ्या दीपकनं ते ऐकलं आणि बाजारभर केलं. कोणी म्हणायचं, म्हणूनच ही मूठभर जास्त देते. कोणी म्हणायचं, बयाबाई, उजव्या काळजानं एक शेवळांची जुडी फुकट दे. तीही हसायची. मीही चिडवायची. तिचं म्हणणं खरं की खोटं, हे बघायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सोमवारची गर्दी, बाजारात पाय ठेवायला जागा नाही आणि बयाबाई वाटे लावता लावता वाकून बसली. म्हणाली, बेंबीपाशी दुखतंय. मी म्हटलं, उपासाचं काहीबाही खाल्लं असशील. दुपारपर्यंत दुखणं बेंबीपासून खाली सरकलं आणि डाव्या कुशीत जाऊन बसलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी बघितलं, डाव्या बाजूला दुखतंय म्हणजे मुतखडा असणार म्हणाले, इंजेक्शन दिलं आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ही पठ्ठी पुन्हा बाजारात हजर! तोंड पांढरंफटक, अंगात ताप, दोनदा ओकली, तरी वाटे लावतेय. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि माझी पाचावर धारण बसली. टोपली उचलून दीपकच्या अंगावर ढकलली, म्हटलं, सांभाळ दोन्ही दुकानं, आणि तिला रिक्षात घातलं. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला ती विव्हळत होती आणि मी रिक्षावाल्याला शिव्या देत होते.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होते. कुठे दुखतं विचारलं. हिनं डाव्या कुशीवर हात ठेवला आणि मग म्हणाली, "डाक्टर, माझं काळीज उजव्या अंगाला हाय."

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "हो मावशी, काळीज सगळ्यांचंच उजव्या बाजूला असतं."

घ्या! मी तिला म्हटलं, "ऐकलंस? इतकी वर्षं मिरवतेस, सगळ्यांचंच असतं!" तिच्या तोंडावर काय होतं ते मला अजून आठवतं. खोटं पाडल्यावर लहान पोराचं तोंड होतं ना, तसं.

मग तिच्या छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. पट्टी बघून डॉक्टर सिस्टरवर उखडले, "वायरी उलट्यासुलट्या लावल्यात, पुन्हा काढा." सिस्टरनं पुन्हा नीट लावल्या, पुन्हा पट्टी काढली, पुन्हा तेच. सिस्टर रडकुंडीला आली. म्हणाली, मशीनच बिघडलंय. तेवढ्यात ऑपरेशनचे डॉक्टर आले, सुनील सर. त्यांनी डाव्या कुशीवर नुसतं बोट दाबून सोडलं आणि बयाबाई अशी किंचाळली की माझ्या अंगावर काटा आला. सर म्हणाले, "हा मुतखडा वाटत नाही मला. पोट कडक झालंय. आधी सोनोग्राफी, आत्ताच्या आत्ता."

सोनोग्राफीच्या खोलीत मला येऊ देत नव्हते. पण बयाबाईनं माझा हात असा घट्ट धरला होता की मला बाहेर काढायचं तर दोघींना काढावं लागलं असतं. तिथे नाझिया मॅडम होत्या, फोटो बघून रोग ओळखणाऱ्या डॉक्टर. हसऱ्या, झपझप बोलणाऱ्या. शेजारी राकेश नावाचा मशीनवाला. मॅडमनी पोटावर थंडगार जेल लावलं, मशीनचा दांडका उजव्या बरगडीखाली ठेवला आणि पडद्याकडे बघायला लागल्या.

आणि बघतच राहिल्या.

"राकेश, पडद्याची बाजू उलटी केलीस का रे?"

"नाही मॅडम, सकाळपासून तशीच आहे."

मॅडमनी दांडक्याच्या एका टोकाला बोट लावून बघितलं. पडद्यावर बरोबर त्याच बाजूला हाललं. म्हणजे मशीन ठीक. पुन्हा उजवीकडे ठेवलं. पुन्हा थांबल्या. माझा जीव टांगणीला लागला. मी म्हटलं, "मॅडम, काय आहे तिथं?"

"तेच तर," त्या म्हणाल्या, "तिथं जे असायला पाहिजे ते नाहीच आहे."

मग त्यांनी दांडका सावकाश डावीकडे नेला. डाव्या बरगडीखाली पडद्यावर एक मोठा करडा गोळा आला. मॅडमचे डोळे असे मोठे झाले! त्यांनी झटकन दांडका वर घेतला, छातीच्या उजव्या बाजूला टेकवला, आणि अगं बाई गं! पडद्यावर धडधड, धडधड! उघडतंय, मिटतंय, उघडतंय, मिटतंय! मला शिकवायची गरज नव्हती, ते काय आहे ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"बाई!" नाझिया मॅडम जवळजवळ ओरडल्याच. "तुमचं हृदय उजवीकडे आहे! तुम्हाला आजवर कोणी सांगितलं नाही?"

बयाबाई कळवळत होती, तरी तिनं मान वर केली. "मीच सांगत आले सगळ्यांला. आत्तासुदीक त्या डाक्टरला सांगितलं. काळीज उजव्या अंगाला हाय म्हणून."

मग मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "काळीज म्हणालात तुम्ही! अहो, डॉक्टरनं काळीज ऐकलं की तो यकृत धरतो, लिव्हर! ते उजवीकडेच असतं, म्हणून तो हो म्हणाला. आणि तुमचं तर तेही डावीकडे आहे!"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. खरंच की! प्रेमात पडलं की माणूस ज्याच्यावर हात ठेवतं तेही काळीज, आणि मटणवाल्याकडे आपण मागतो तेही काळीज. एकच शब्द, दोन वस्तू. बिचारी जन्मभर एक सांगत होती आणि जो तो दुसरंच ऐकत होता. राग आला मला. कोणाचा आला ते कळेना, म्हणून राकेशवरच ओरडले, "हसतोस काय दात काढून?"

"मावशी, मी पहिल्यांदाच बघतोय हो!" तो म्हणाला. त्याला आनंद आवरत नव्हता. "आरशातलं माणूस आहे हे. सगळं इकडचं तिकडे."

पण मॅडमचं हसू एकदम थांबलं. त्यांनी बयाबाईच्या डाव्या कुशीकडे बघितलं. "राकेश, सगळं इकडचं तिकडे असेल, तर अपेंडिक्स कुठे असेल?"

मला अपेंडिक्स माहीत होतं, माझ्या भाचीचं काढलंय. आतड्याला बोटभर शेपटी असते, ती सुजते आणि वेळेत काढली नाही तर फुटते. भाचीचं उजवीकडे होतं. सगळ्यांचं उजवीकडे असतं. म्हणून तर डावीकडे दुखतंय म्हटल्यावर कोणाच्या ते ध्यानीमनीच आलं नव्हतं.

मॅडमनी दांडका डाव्या कुशीवर हलके हलके दाबला. बयाबाईनं माझ्या हाताला नखं रोवली. पडद्यावर गॅसच्या सावल्या होत्या, नीट दिसेना. मॅडम म्हणाल्या, "मला संशय आहे, पण संशयावर पोट उघडायचं नाही. आणि वाटही बघायची नाही. सीटी काढू."

बाहेर येऊन त्यांनी मला बाजूला घेतलं. "मावशी, स्पष्ट सांगते. ते आत फुटलं तर पू सगळ्या पोटात पसरेल. मग जीव वाचवणं अवघड होईल. यांच्या घरचं कोण आहे?"

घरचं? बुधा डोंगरात! त्याच्या गावात फोन लागतो तो एका टेकाडावर, आणि तिथे तो कधी चढेल ते देवाला ठाऊक. मी मुस्तकीमला फोन लावला. त्याची जीप रिकामी होऊन परत निघालेलीच होती. त्याला ओरडून सांगितलं, "बुधाला घेऊन ये! बयाबाईचं पोट उघडावं लागतंय म्हणावं!" पुढे काही सांगायच्या आत फोन कटला. मी नुसती पदराची गाठ वळत बसले. सख्ख्या बहिणीसाठीही माझं असं झालं नव्हतं.

सीटीच्या मशीनच्या त्या मोठ्या कड्यातून बयाबाईला आत सरकवली. शिरेतून औषध गेलं की अंगात गरम वाटेल, घाबरू नका, असं राकेशनं तिला समजावलं. मी काचेपलीकडे उभी. मॅडमनी मलाही बघू दिलं. एकेक चित्र सरकत होतं, पाव कापल्यासारखे पोटाचे काप. "हे यकृत, डावीकडे. ही प्लीहा, उजवीकडे. हे जठर, उजवीकडे. सुभानल्ला, काय चोख उलटं केलंय! काही बिघडलेलं नाही हां मावशी, हजारो माणसांत एखादं असं जन्मतं, आणि पुष्कळांना आयुष्यभर कळतही नाही." त्यांचं बोट पडद्यावर पळत होतं, खाली, आणखी खाली. आणि मग त्या खुर्चीतून उठल्याच. "सापडलं! हे बघा! सापडलं!"

मला एक जाडजूड गांडूळ दिसलं, फुगलेलं, भोवती धुरकट. मॅडम म्हणाल्या, पुवानं तट्ट भरलंय, अजून फुटलेलं नाही. अजून फुटलेलं नाही! तेवढे तीन शब्द ऐकून मी राकेशच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पुढे गेला.

सुनील सर धावत आले. एकदा पडदा बघितला, मग पुन्हा बघितला, आणि त्यांचं तोंड दिवाळीतल्या पोरासारखं झालं. "डावीकडचं अपेंडिक्स! मी हे फक्त पुस्तकात वाचलंय!" मग ते लगेच गंभीर झाले. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं, म्हणजे त्यांचा हात वर्षानुवर्षं एकाच बाजूला बसलेला. आता सगळं फिरवायचं. ते तिथेच पडद्यासमोर उभे राहून हवेत हात चालवून बघायला लागले. इकडे मी उभा राहीन, पडदा तिकडे ठेवा, छिद्रं इथे, इथे आणि इथे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं, हृदयाच्या वायरी उजवीकडे लावा. मघाच्या त्या सिस्टरला कोणीतरी सांगितलं की तुझं मशीन बरोबर होतं, तर ती जागच्या जागी नाचली. सर म्हणाले, "नाझिया मॅडम, फोटो घेऊन तुम्हीही आत चला. माझा हात सवयीनं उजवीकडे वळला तर ओरडा."

"मी ओरडायला तयारच आहे," मॅडम म्हणाल्या.

बयाबाईला आत नेताना तिनं विचारलं, "वत्सलाबाई, समद्यांला कळलं ना आता?"

"कळलं गं बाई, कळलं," मी म्हटलं. "आता जगून दाखव."

दार बंद झालं. मी बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. काळारामाला बोलले, मारुतीला बोलले, तिच्या डोंगरातल्या देवाचं नाव माहीत नव्हतं तर त्यालाही तसंच बोलले, की बाबा, तू जो कोण असशील तो. पोरीबाळींनी नवस करावेत तसे केले, एवढी म्हातारी होऊन. भूक लागली नाही, तहान लागली नाही.

मग दार उघडलं आणि नाझिया मॅडमच आधी बाहेर आल्या. टोपी काढली, दोन्ही हात वर केले. "निघालं! अख्खं निघालं! फुटायच्या बेतात होतं, पण फुटलं नाही!" मी त्यांना मिठी मारली. हो, मारली. डॉक्टर असल्या म्हणून काय झालं? मी रडत होते, त्या हसत होत्या, मागून सुनील सर येऊन सांगत होते की उजवीकडे हात फक्त एकदाच वळला आणि मॅडम खरंच ओरडल्या.

मॅडमनी मला बजावून सांगितलं, "ही चित्रं यांच्याजवळ कायम ठेवा. पुढे कधी छातीत दुखलं, पोटात दुखलं, कुठल्याही डॉक्टरकडे गेल्या तर पहिलं वाक्य हेच. आणि शब्द कुठला वापरायचा? हृदय. काळीज नाही."

"हृदय," मी म्हटलं. पाठ केलं.

संध्याकाळी बयाबाईला वॉर्डात आणलं. औषधाच्या गुंगीत होती. डोळे मिटलेले, ओठ कोरडे, हाताला सलाइन, हालचाल नाही. मी तिच्या उशाशी बसले होते, तेवढ्यात वॉर्डाच्या दारात बुधा दिसला. अंगात शेतातलाच सदरा, पायांना चिखल, मागे मुस्तकीम. मुस्तकीमचा चेहरा बघूनच मला कळलं की माझं अर्धंच बोलणं पोचलंय आणि बाकीचं अर्धं बुधानं वाटेत मनातच पुरं केलंय.

मी उठले, सांगणार होते की सगळं ठीक आहे. पण तो माझ्याकडे बघायलाच तयार नाही. कोणालाच काही विचारेना. सरळ खाटेपाशी आला, दुसऱ्या बाजूला वळसा घालून गेला, गुडघ्यावर बसला, आणि तिच्या छातीच्या उजव्या अंगाला कान लावला.

नव्या पाळीची सिस्टर पुढे आली. "अहो बाबा, भलतीकडे कान लावलात. हृदय डावीकडे असतं."

मी काही बोलायच्या आत बुधानं डोळे न उघडताच एक बोट वर केलं. गप, म्हणून. लगीन झाल्यापासून ज्या जागी डोकं टेकवून तो निजला होता, त्या जागेची चौकशी त्याला कोणाकडे करायची नव्हती. सगळा वॉर्ड थांबला. मीसुद्धा, आणि मला गप्प करणारं माणूस नाशकात अजून जन्माला यायचं होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. डोकं उचललं नाही.

"हाय," तो म्हणाला.